उरलेले थेंब

दहावीच्या पोरांना ‘कुड हॅव’ आणि ‘शुड हॅव’ शिकवण्यात माझी निम्मी नोकरी गेली. राहाता तालुक्यातल्या आमच्या शाळेत माझं उदाहरण ठरलेलं: तो लवकर निघाला असता तर त्याला एसटी मिळाली असती. पोरं जांभया देतात आणि मला त्यांचा राग येत नाही. चुकलेल्या एसटीचं एवढं काय? मागून दुसरी येतेच.

एका रविवारी गाईंपुढे उसाचं वाढं टाकत होते. शेंड्याची एक पात सपकन माझ्या डाव्या डोळ्यात गेली. मी मटकन खाली बसले. सासूबाई धावत आल्या. त्यांना मी आईच म्हणते.

आमच्या घरात औषध टाकून द्यायची पद्धत नाही. खोकल्याचं उरलेलं पुढच्या खोकल्याला, गुडघ्याचं मलम पाठीला. आईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली थेंबांची बाटली तशीच फ्रिजच्या दारात, आलं-लसणाच्या डबीशेजारी उभी होती. “माजा डोळा ह्याच थेंबानं बरा झाला, तुजाबी हुईल,” म्हणत त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं. दुसऱ्या दिवशी ठणका कमी झाला. आई अशा खूश झाल्या की विचारू नका. मग सकाळ-संध्याकाळ थेंब सुरूच राहिले. आणि एका सकाळी आरशात पाहिलं तर बुबुळावर पांढरा डाग.

नगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नवरा केसपेपरच्या रांगेत थांबला आणि आम्ही दोघी आत गेलो. मी इंग्रजी शिकवते हे कळताच डॉक्टरबाईंनी मराठी सोडूनच दिलं. यू कुड हॅव कम अर्लियर. लवकर येता आलं असतं. दीज ड्रॉप्स शुड नॉट हॅव बीन युज्ड. हे थेंब घालायलाच नको होते. पातीबरोबर जखमेत बुरशी गेली होती आणि या थेंबांनी ठणका तेवढा दबला, बुरशी मात्र आणखी फोफावली होती. मी विचारलं, दिसेल का? त्या म्हणाल्या, इट माइट कम बॅक. येईलही नजर परत, किंवा नाही.

हा ‘माइट’ मी फळ्यावर किती बिनघोर लिहिला होता! पोरांना सांगायचे, खात्री नसेल तिथे हा वापरा. खात्री नसणं म्हणजे पोटात काय होणं, ते मलाच कुठे माहीत होतं?

“काय म्हनल्या गं? सारख्या ड्रॉप ड्रॉप म्हनत हुत्या,” आईंनी विचारलं. त्यांनी माझा पदर धरून ठेवला होता.

“नवे थेंब देणार आहेत. बरं होईल म्हणाल्या.”

“आन् आपले?”

“त्यांनीही फायदा झाला म्हणाल्या.”

पुढचे दिवस मी भीतीतच काढले. नव्या औषधाची तासातासाची वेळ आईंनी एकदाही चुकू दिली नाही. थेंब पडला की मी उजवा डोळा झाकून बघायची. नुसता धूर. जुनी बाटली मात्र फ्रिजमध्येच होती. फेकली असती तर त्यांनी का म्हणून विचारलं असतं.

एका दुपारी मी काळा चष्मा लावून पडले होते. शेजारची बाई आपल्या लहान पोरीला घेऊन दारात आली. गव्हाचं कुसळ गेलं होतं, पोरीचा डोळा लालभडक झाला होता. “थांब, रडू नको,” आई म्हणाल्या. “आमच्या सूनबाईचा डोळा ज्या थेंबानं वाचला, त्येच घालते.” आणि मला फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला.

“नको!” मी ओरडले, तो आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. “आई, त्याच थेंबांनी माझा डोळा बिघडला. पोरीला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या!”

शेजारीण पोरीला उचलून तशीच पळाली. आई बाटली हातात धरून उभ्या राहिल्या.

“तवाच का न्हाई सांगितलंस?”

“तुम्हाला लागलं असतं मनाला.”

“आन् लेकराचा डोळा ग्येला असता म्हंजी?”

त्यांनी बाटली मोरीत रिकामी केली आणि मोरी कितीतरी वेळ धूत राहिल्या. कुसळ निघालं, पोरगी बरी झाली हे संध्याकाळी कळलं, तेव्हा कुठे त्या जेवायला बसल्या.

आता मी पुन्हा शाळेत जाते. ‘कुड हॅव’ आलं की एसटीचं उदाहरण मात्र लिहवत नाही. रोज सकाळी पडवीत आई माझ्यासमोर उभ्या राहतात. मी उजव्या डोळ्यावर हात ठेवते आणि त्या विचारतात, “दिसतंय का गं?” बरेच दिवस मला समोर धुरात एक उंच आकृती तेवढी दिसायची, आणि मी “थोडं” म्हणायची.

आज त्यांनी विचारलं, आणि विचारून स्वतःचे डोळे घट्ट मिटून घेतले. ते मिटलेले मला डाव्या डोळ्याने दिसले.