जिंकता डाव सोडल्याबाबत

अर्जदार : मी स्वतः, वय चौपन्न, शिक्षण आठवी, अंधेरी पूर्वेला सरकारी कचेरीच्या फाटकाशी टेबल मांडून पंचवीस वर्षे अर्ज लिहिणारा.
गैरअर्जदार : माझा मित्र, निवृत्त बस कंडक्टर.
साक्षीदार : झेरॉक्सवाला आणि स्टॅम्पपेपरवाला.
तारीख : श्रावणातला दुसरा शनिवार, दुपारी तीन.
ठिकाण : झेरॉक्सच्या दुकानामागची खोली.

तिथे आम्ही चौघे दर शनिवारी चिंचोके लावून पोकर खेळतो. हातात दोन पत्ते, टेबलावर उघडे पाच. त्यांतून ज्याचा मेळ मोठा, त्याचे चिंचोके.

उक्त दिवशी टेबलावर तीन बदाम उघडे होते. माझ्याकडे दोन जोड्या. मी वीस चिंचोके पुढे सरकवले. साक्षीदारांनी पत्ते आधीच टाकले होते. कंडक्टरने स्वतःचे पत्ते पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि "गेलो बाबा" म्हणत पत्ते पालथे टाकले. पिसायची पाळी माझी होती. गोळा करताना ते उलटले. बदामाचा एक्का आणि बदामाची सत्ती! दोन जोड्यांना सहज हरवणारे पाच बदाम जुळलेले असताना हा माणूस हरला होता.

हक्कसोडपत्रावर हसत सही करणारे भाऊ मी खूप पाहिले आहेत. स्वतःचे नुकसान इतक्या सहज मान्य करणाऱ्याने दुसरीकडे काहीतरी ठरवलेले असते, असा माझा अनुभव. लहान डाव सोडून मला मोठ्या डावात अडकवायचा कट आहे, अशी माझी खात्री झाली. आणखी दोन शनिवार पाळत ठेवली. दोन्ही वेळा तोच प्रकार. मग मी रीतसर तक्रार लिहिली व साक्षीदारांसमोर ठेवली. दोघांनी सह्या केल्या.

कंडक्टरने चष्मा लावून सगळे वाचले.

"कट कसला रे? तू हरलास की पुढचे दोन शनिवार फिरकत नाहीस. तिघांत काय खेळायचं, भातुकली?"

"मीपण सोडतो ना," झेरॉक्सवाला म्हणाला. "तुला आज कळलं?"

"थांबा, हे आपल्यावर होतं?" स्टॅम्पपेपरवाल्याने कागद ओढला. "मला वाटलं, कुणाचा तरी भाडेकरार."

मी उठून आलो. त्याला आज तीन शनिवार झाले. माझ्या टेबलापासून ते दुकान वीस पावलांवर आहे. जिंकलेले चिंचोके खणात आहेत. त्यांतले माझे कोणते, हे मला ठरवता येत नाही. मात्र मी न गेल्याने गैरअर्जदाराचे म्हणणे दर शनिवारी आपोआप सिद्ध होत आहे, हे मला मान्य करावे लागते.

तरी विनंती की, मला पुन्हा खेळात घ्यावे, आणि यापुढे माझ्यासमोर चांगले पत्ते कुणीही टाकू नयेत. हरलो तरी पुढच्या शनिवारी हजर राहीन, असे मी लिहून देतो. उत्तर शनिवारी तीनच्या आत, हातोहात मिळावे.

साक्षीदारांनी यावेळी सही करण्याआधी वाचावे.