शेवटच्या बांधीचं पाणी

आमच्या गावतलावाचं पाणी वाटणारा पाणकर गावानं दिलेलं फावडं खांद्यावर टाकून पाटाच्या कडेनं अनवाणी चालतो आणि पाण्याशीच बोलतो, "चाल बापा, चाल." रीत अशी, की पाणी आधी सगळ्यात लांबच्या बांधीला, म्हणजे टोकाच्या धानाच्या खाचराला, आणि मग मागे मागे येत तलावाजवळच्या शेतांना. त्याची स्वतःची बांधी तलावाला लागूनच, म्हणजे तिची पाळी सगळ्यात शेवटी.

यंदा धानाची रोपं लावून रोवणा झाला आणि पाऊस गेला तो गेलाच. धान पिवळं पडलं. गावातल्या ट्रॅक्टरवाल्यानं पाळी मोडून थेट तलावात इंजिन लावलं. आम्ही घरात बसून शिव्या देत राहिलो. पाणकरानं भरदुपारी जाऊन ते बंद केलं आणि पाइपावर बसून शिदोरी सोडली. ट्रॅक्टरवाला धावत आला.

"काहून बंद केला बे? तलाव तुह्या बापाचा हाये का?"

"नाही जी. अन् तुमचाही नाही. पाणी पाळीनं जाईल, पाळीनं."

दुसऱ्या दिवशी गावसभेनं त्याचं फावडं काढून घेतलं. चिखलणीला ट्रॅक्टर सगळ्यांनाच लागतो ना! भराभर हात वर झाले. नालायक लेकाचे. त्यात एक हात माझा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेतावर गेलो. तलावावर इंजिन धडधडत होतं आणि पाणकर माझ्या बांधीच्या कडेला, धुऱ्याशी गुडघे टेकून नुसत्या हातांनी पाटाची माती उकरत होता. बांधीत पाणी शिरत होतं.

मान वर न करता म्हणाला, "आज तुमची पाळी हाये जी."