चौदा नंबरचा संसार

आमच्या हिच्या मामांना देवाने दोन डोळे दिले, ते दोन कागद एकाच वेळी वाचता यावेत म्हणूनच. झाँसीत दतिया गेटजवळ राहणाऱ्या या निवृत्त रेल्वेबाबूंच्या हाती एकाच गोष्टीच्या दोन प्रती पडल्या की त्यांना जेवण गोड लागत नाही. आमच्या लग्नाच्या पत्रिका मराठीत आणि हिंदीत छापल्या होत्या. मामांनी मुहूर्तातली सात मिनिटांची तफावत शोधली आणि भर मांडवात भटजींकडे खुलासा मागितला. तो होईपर्यंत मी हार धरून उभा. मामा संगणक शिकल्यावर तर विचारूच नका. जुळलं ते हिरवं, न जुळलं ते पिवळं. मामींनी किराण्याची यादी दोनदा लिहिली, त्यात साखरेचं वजन जुळलं नाही. साखर पिवळी झाली आणि आठवडाभर घरात बिनसाखरेचा चहा झाला.

मीही तेव्हा झाँसीतच, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. तिथले मराठी गणपती दोन, एक रेल्वेवाल्यांचा आणि एक छावणीतल्या फौजींचा. मूठभर माणसं आपण, एकत्र बसवू, हा मामांचा ध्यास. मंडळं कशीबशी राजी झाली आणि सभासद कुटुंबांच्या दोन याद्यांची एक करण्याचं काम अर्थातच मामांकडे आलं. तिथे माणूस क्वार्टरच्या नंबरानेच ओळखला जातो, म्हणून मामांनी नंबर जुळला की दोन ओळींची एक ओळ केली. चौदा नंबर रेल्वे कॉलनीत असतो तसा छावणीतही असतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. यादी छापून घरोघर गेली. छावणीतल्या एका बिनलग्नाच्या हवालदाराला रेल्वेतल्या गार्डसाहेबांची बायको आणि तीन मुलं मिळाली. गार्डसाहेब भडकले. आमचा गणपती वेगळाच बसेल, म्हणाले.

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. दोन्ही याद्या घेऊन ते दारोदार माफी मागत फिरले, सोबत मी. हवालदार मात्र रागावला नाही. "रहने दीजिए, मामाजी," तो म्हणाला. "कागदावर का होईना, घर भरलेलं दिसलं." संध्याकाळी तो पेढे घेऊन गार्डसाहेबांकडे 'आपल्या' मुलांना भेटायला गेला. तेव्हा गार्डसाहेबांनाही हसावंच लागलं. गणपती एकत्र बसला.

पुढच्या वर्षी माझी भुसावळला बदली झाली. यादीतून आमचं नाव आता काढा, मी मामांना म्हटलं. ते चहा न घेताच उठून गेले.

परवा फोनवर मामांची नवी यादी आली. आमच्या जुन्या क्वार्टरच्या नंबरापुढे नव्या कुटुंबातले चौघे होते आणि त्यांच्याखाली आम्हीही चौघे. चूक दाखवायला मी फोन केला.

"चूक नाही, जावईबापू," मामा म्हणाले. "इथे येतो तो जातोच. सगळ्यांना काढत बसलो, तर आरतीला उभं कोण राहणार?"

हिने माझ्या हातातून फोन घेतला, तो बराच वेळ परत दिला नाही. झाँसीतल्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आता आम्ही आठ जण राहतो.