माय स्पष्ट, घर पुसट

बुलढाण्याच्या एका कॉलेजात मी फिजिक्सचा लॅब असिस्टंट आहे. मुलांना बहिर्गोल भिंगं मोजून द्यायची, प्रयोग संपला की मोजून परत घ्यायची, त्यांवरचे बोटांचे ठसे पुसून कपाटात ठेवायची, हे माझं काम. त्यामुळे चाळिशीत कॅमेऱ्याचा नाद लागला तेव्हा मला वाटलं, भिंगं म्हणजे तर आपल्या घरचाच कारभार. आपल्याला कोण काय शिकवणार?

कॅमेरा जुनाच घेतला होता. त्याच्यासोबत आलेली लेन्स साधी होती, समोरचं सगळं नीट दाखवायची, आणि म्हणूनच मला ती आवडायची नाही. सगळं नीट दिसायला डोळे आहेतच की. मग नांदुऱ्याला एका फोटो स्टुडिओवाल्यानं दुकान आवरायला काढलं, तेव्हा त्याच्याकडून रिळाच्या जमान्यातली एक लेन्स मिळाली. पन्नास एमएम, अंगानं जडशीळ, फोकस हातानं फिरवायचा. तिच्या गळ्यातल्या रिंगवर एक पॉइंट आठपासून सोळापर्यंत आकडे कोरलेले. आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं, आणि छिद्र मोठं तितकं थोडंच स्पष्ट दिसतं, बाकीचं पुसट होतं. हे मी पोरांना फळ्यावर आकृती काढून सांगितलेलं होतं, पण डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी गच्चीवर गेलो आणि कुंडीतल्या मिरचीच्या झाडावर लेन्स धरली. एका पानाची कड तेवढी दिसत होती. मागची पाण्याची टाकी, विजेच्या तारा, शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे, सगळं वितळून नुसते रंग उरले होते आणि ते रंग हळूहळू हलत होते. ज्या गच्चीवर मी रोज दात घासतो ती गच्ची कुठल्या तरी झोपेतली वाटायला लागली. मी तासभर तिथंच बसून राहिलो. चहा गार झाला, बायकोनं दोनदा हाक मारली, मला सुख म्हणतात ते हेच असं वाटत होतं.

त्यानंतर ती रिंग मी एक पॉइंट आठच्या पुढे नेलीच नाही. रविवारी राजूर घाटात जाऊन धुक्यातली सागाची पानं घ्यायचो, एसटीच्या काचेवरचे थेंब घ्यायचो. मोबाईलवर शिकवणारे मास्तर एकजात तेच सांगायचे, मागचं घालवा म्हणजे माणूस उठून दिसतो. आमच्या हौशी मंडळींच्या ग्रुपवर मी काही टाकलं की लोक लिहायचे, काय स्वप्नाळू आलंय राव! मी दिवसभर हवेत असायचो.

आमचं गाव नांदुऱ्याकडे, पूर्णेच्या काठाला. ते धरणाच्या पाण्यात जाणार हे मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकत होतो. इतकी वर्षं ऐकलं की त्यावर कुणाचा विश्वास उरला नव्हता. पण त्या हिवाळ्यात खरोखरच लोक घरांवरचे पत्रे उतरवायला लागले. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. माय तिथं एकटी राहायची आणि बुलढाण्याला यायचं म्हटलं की विषय बदलायची. या खेपेला मात्र तिनं स्वतःच फोन केला.

"तुह्या त्या कॅमेऱ्यात सारं घर घेऊन ठेवजो," ती म्हणाली. "मंग मी यायले तयार हाये."

तिची एवढी एकच अट होती. मी दोन दिवसांची रजा टाकली.

ते दोन दिवस मला अजून स्वप्नात येतात. पहाटे नदीकडून धुकं यायचं आणि बोळीत उंबऱ्यांपर्यंत भरून राहायचं. आमच्या लहानशा विहारावरचा झेंडा धुक्यात नुसता लोंबत असायचा. मग आठ-साडेआठला ऊन निंबाच्या झाडातून तिरपं उतरायचं आणि ओट्यावर येऊन बसायचं. अर्ध्या बोळीतली घरं उघडी पडली होती, तरी त्या उन्हात ती सुंदर दिसत होती. सुंदर म्हणायला मला आज लाज वाटते, पण तेव्हा मी तसंच म्हणालो होतो.

सेटिंगात मी तसूभर चूक केली नाही. सेकंदाला पंचवीस फ्रेम, शटर एक भागिले पन्नास, आयएसओ सगळ्यात खालचा. एवढ्या उजेडात एक पॉइंट आठ ठेवलं तर चित्र पांढरंफटक होतं, म्हणून उन्हात काळा चष्मा लावतात तशी गडद काच लेन्सपुढे बसवली. मायला ओट्यावर बसवलं, हातात सूप आणि तूर दिली, आणि फोकस तिच्या डोळ्यांवर आणला. पडद्यावर तिच्या पापण्या मोजता येत होत्या. तिच्या कपाळावरची एकेक रेघ उन्हात सोन्याची झाली होती. मला भरून आलं.

माय मात्र सुपातली तूर सोडून मागं हात करत राहिली. "हे दार घे. सागाचं हाये. ते देवळी घे, बाबासाहेबाचा फोटो हाये तथी. रांजण घे. अन् हे भितीवरची खाच पाह्य, तुह्या बाबाच्या सायकलचं हँडल घासू घासू पडली, ते घे."

"माय, तू बोलू नको, सूप हालव."

"पण मांगचं येऊन राह्यलं ना रे?"

"येते, येते," मी म्हणालो.

नुसतं दार काय घ्यायचं, असं माझं मत होतं. दार म्हणजे पंचनामा झाला. घर कसं, माणसाच्या चेहऱ्यावर उमटलं पाहिजे. हे सगळं मी मनात इतकं छान मांडलं की मला ते पटूनच गेलं. मधे दोन-चारदा माझा हात चुकला, फोकस मागं घसरला, माय पुसट झाली आणि भिंत लख्ख आली. कार्डात जागा कमी होती. ते बिघडलेले तुकडे मी तिथल्या तिथं उडवून टाकले.

पुढच्या महिन्यात आमचं घर उतरवलं. दाराची चौकट चुलतभावानं पुनर्वसनाच्या नव्या गावठाणात नेली, पत्रे कुणी कुणी नेले. माय दोन पोती आणि देवळीतला फोटो घेऊन बुलढाण्याला आली. चार दिवस इथल्या थंड वाऱ्याला नावं ठेवली आणि पाचव्या दिवशी म्हणाली, "आता घर दाव."

मी फिल्म चार मिनिटांची केली होती. ग्रुपवर तिचं भरभरून कौतुक झालं होतं. मी पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. मायनं तोंड धुतलं, लुगडं नीट केलं आणि पाहुण्यांकडे बसतात तशी खुर्चीच्या कडेवर बसली.

पडद्यावर तिचा चेहरा आला. ती थोडा वेळ पाहत राहिली. मग तिनं मान डावीकडे वाकवली. मग उजवीकडे. मला आधी कळलंच नाही ती काय करतेय. पडद्यावरच्या स्वतःच्या डोक्याआडून ती मागं पाहायला बघत होती.

"सरक ना वं बाई," ती पडद्यावरच्या मायला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "माहं डोस्कं आड येऊन राह्यलं. घर कुठं हाये?"

"मागं आहे ना."

"मांगं तं नुसता धूर हाये."

मी चिडलो. अशी फिल्म करतात, हे कळायला नजर असावी लागते, लोकांनी किती नावाजली, असं बरंच काही बोललो. ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर शांतपणे म्हणाली, "माहं थोबाड तं मी आरशात बी पाह्यतो बापा. मले घर पाह्यचं होतं."

त्या दिवशी मी कार्डातला एकूणएक तुकडा तपासला. साठाच्या वर तुकडे होते आणि सगळेच्या सगळे एक पॉइंट आठवर होते. सगळ्यांत माय स्पष्ट आणि घर पुसट. पुढच्या रविवारी कॅमेऱ्यासोबत आलेली ती साधी लेन्स लावून मी गावात जाऊन आलो. छिद्राचा आकडा आठवर ठेवला. सपाट केलेली माती, विटांचे तुकडे, दूरवरच्या बाभळी, सगळं काटेकोर उतरलं. ते मी कुणालाच दाखवलं नाही.

माय मात्र माझ्यासारखी हरली नाही. दुपारचं जेवण झालं की ती टीव्ही लावायला सांगायची, उठून पडद्याजवळ जायची आणि डागांवर बोट ठेवायची. "हे पिवळं म्हंजे भित. हे काळं, हे दार. हे तांबडं रांजण व्हय, त्याच्यावरचं पांढरं म्हंजे झाकनी." बघता बघता तिनं अख्खं घर त्या धुरातून बाहेर काढलं. मी शेजारी बसायचो आणि खरं सांगतो, मलाही दिसायला लागलं. तिनं बोट ठेवलं की त्या पिवळ्यात खाच दिसायची. माझा अपराध जरासा हलका झाला आणि ती लेन्सही मला परत आवडायला लागली. दुपारचं ऊन खिडकीतून टीव्हीवर यायचं, आम्ही दोघं मायलेक अर्धवट झोपेत आमच्या घरात हिंडून यायचो. त्या आठवड्यांइतका मी तिच्याजवळ कधी बसलो नव्हतो.

फक्त एक डाग तिला ओळखू येईना. देवळीच्या खाली, ओट्याच्या कोपऱ्यात, एक निळा ठिपका. चांगला पपईएवढा.

"हे काय व्हय?" तिनं विचारलं. मला माहीत नव्हतं.

पहिल्या दिवशी तिनं ते सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्यापाशी येऊन थांबली. नव्या गावठाणात गेलेल्या शेजारच्या काकूला फोन लावायला सांगितला. काकू म्हणाली, लुगडं वाळत असंन. "लुगडं असतं तं हाललं असतं ना," माय म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. मग ती जेवता जेवता उठून जायला लागली. घास तसाच हातात असायचा. एकदा बायकोनं तिला हात धरून ताटावर आणून बसवलं.

"पन्नास वर्सं झाडलं ते आंगन मी," एका दुपारी ती म्हणाली. "मले काऊन आठवत नाई? इसरून राह्यली का रे मी?"

तिचा आवाज इतका बारीक झाला होता की माझ्यानं ऐकवेना. मी म्हणालो, "अगं ड्रम आहे तो माय. निळा ड्रम. पाण्याचा. बाबांनी आणला होता नाही का?"

असा ड्रम आमच्याकडे कधीच नव्हता. मला काहीतरी निळं हवं होतं, म्हणून तो तोंडात आला.

 मग तिचा चेहरा सैल झाला. "हाव," ती म्हणाली. "ड्रमच व्हय तो. त्याचं झाकन फुटलं होतं." आणि ती जेवायला बसली. त्या दिवशी तिनं भाकरीही मागून घेतली. मला वाटलं, चला, आयुष्यात एक तरी सेटिंग बरोबर जमलं.

पुढे फाल्गुनात एका सकाळी मी गच्चीवर ती लेन्स घेऊन बसलो होतो. पळस पाहायला घाटात जायचं होतं, म्हणून सामानाची बॅग भरून कठड्यावर ठेवलेली. सहज लेन्स लावून पाहिली. समोर मिरची, आणि मागं कठड्यावर एक निळा ठिपका, चांगला पपईएवढा. मी रिंग आठवर नेली तशी त्या ठिपक्याला चेन आली, पट्टा आला. ती माझी कॅमेऱ्याची बॅग होती. त्या दोन दिवसांत मीच ती ओट्याच्या कोपऱ्यात टेकवून ठेवली असणार.

माय काहीच विसरली नव्हती. त्या कोपऱ्यात काही नसायचंच, आणि तिला तिथलं काही आठवत नव्हतं. माझ्या मायची आठवण अगदी नीट होती आणि मी तिच्या हातात खोटा ड्रम दिला होता. मला माझीच किळस आली. घाटात जायचं राहिलं. बॅग घेऊन तसाच खाली आलो आणि तिच्यासमोर ठेवली.

"माय, तो ड्रम नव्हता. ही बॅग होती, माझी. तू काही विसरली नव्हती. मीच खोटं बोललो."

तिनं बॅग हातात घेतली, उलटीपालटी केली, पट्टा ओढून पाहिला. टीव्ही लावायला सांगितला आणि त्या ठिपक्याशेजारी बॅग धरून पाहिली. "हाव रे, तेच निळं हाये," ती म्हणाली. मला एकदम मोकळं वाटलं.

मग तिनं बॅग खाली ठेवली. पडद्यावरच्या पिवळ्या भिंतीवरून, काळ्या दारावरून तिचं बोट सावकाश फिरायला लागलं, आणि कपाळावर आठ्या चढल्या.

"मंग आपला ड्रम कुठं ठेवत होतो आपण?" तिनं विचारलं.