टी-शर्टांची गोधडी आखताना

माझी मुलगी शाळेत असल्यापासून कबड्डी खेळायची. मुलुंडच्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा तिच्या टी-शर्टांचा. शाळेचे, मंडळाचे, कॉलेजचे, जिल्ह्याचे आणि शेवटी राज्याच्या संघाचे. अंगाला येईनासे झाले तरी त्यातला एकही मी लादी पुसायला लावू दिला नाही. मागच्या वर्षी एका शाळेत तिला कबड्डी शिकवायची नोकरी लागली, आणि तिने स्वतःच तो कप्पा रिकामा करायला काढला.

"आई, टाकून दे गं हे. जागा तरी होईल."

"टाकत नाही. गोधडी शिवते."

"टी-शर्टांची? कापड ताणतं ते. वाट लागेल बघ."

म्हणणं खोटं नव्हतं. मी वर्षानुवर्षं घरी ब्लाउज शिवते, त्यामुळे असलं कापड सुईखाली कसं पळतं ते मला माहीत होतं. त्यावर उपाय सोपा होता. इस्त्रीने चिकटणारं पातळ अस्तर प्रत्येक तुकड्याच्या पाठीला लावायचं, की कापड हलत नाही. खरी डोकेदुखी ठरली ती मांडणी.

आधी वाटलं, सगळे सारखे चौकोन कापावेत. पुठ्ठ्याचा एक चौकोन करून एकेका टी-शर्टवर ठेवून पाहिला. जिल्ह्याच्या टी-शर्टवरचं नाव दोन्हीकडून छाटलं जात होतं. आणि ती पाचवीत असतानाचा पिवळा टी-शर्ट इतका चिमुकला, की चौकोन त्याच्या बाहेर जात होता. मोठ्यांना कापायचं नाही आणि धाकट्याला वगळायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं. म्हणजे तुकडे लहानमोठेच राहणार.

मग कात्री बाजूला ठेवली आणि वर्तमानपत्रं घेतली. अर्धी वीत हे माप धरलं. प्रत्येक तुकड्याची लांबी-रुंदी अर्ध्या वितेच्या पटीत. पिवळ्याला तीन अर्ध्या विती, मोठ्यांना चार, कुणाला उंचीला पाच. शिलाईत जाणारं कापड सगळीकडे सारखं जास्त सोडायचं. तेवढे कागद कापले, त्यांवर टी-शर्टांचे रंग लिहिले, सोफा भिंतीला लावला आणि हॉलभर मांडायला बसले.

मांडणी जमली. पण मशीनवर ती कशी जोडायची याचा विचार करताना लक्षात आलं, की एकाचा कोपरा दुसऱ्याच्या पोटात शिरतोय. जमिनीवर ते छान दिसतं, पण शिवताना दर वेळी कोपऱ्यात सुई अडणार. सगळं मोडलं. मग दोन लहान तुकडे जोडून एका मोठ्याच्या उंचीचे करायचे, उरलेल्या फटीत बाह्यांची नाहीतर ट्रॅक पॅन्टची पट्टी घालायची, आणि असे मोठे आयत तयार झाले की ते सरळ लांब शिलाईने एकमेकांना जोडायचे, हे सुचलं. सुचलं तेव्हा मी एकटीच हसले.

तेवढ्यात आमचे हे आले. विक्रोळीच्या कारखान्यातून निवृत्त झाले, तरी बोलणं अजून मालवणच्या घरासारखंच.

"अगो, पाय खंय ठेवू?"

"तिथेच थांबा. काय दिसतंय सांगा."

हे चपला हातात घेऊन दारातच स्टुलावर चढले. वरून कागदांवरचे रंग वाचून म्हणाले, "सगळो निळो रंग एकाच बाजूक इलो हा."

खरंच तसं होतं. 'निळा' लिहिलेले कागद मी चारी बाजूंना पांगवले.

संध्याकाळी मुलगी मैदानावरून आली. कागदांच्या कडेकडेने एक चक्कर मारली, एकेक रंग वाचला, आणि विचारलं, "तो कुठेय?"

कुठला ते मला कळलं. राज्याच्या संघातला शेवटचा, खांद्यावर फाटलेला. तो फाटला त्याच सामन्यात चढाईला गेली असताना तिचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, महिनोन् महिने व्यायाम झाला, पण त्या संघात ती पुन्हा खेळली नाही. तो मी मुद्दाम वर, माळ्यावरच्या बॅगेत ठेवला होता.

"तुला वाईट वाटेल म्हणून," मी म्हटलं.

"तोही माझाच आहे ना, आई? त्या दिवशी सगळ्यात जास्त गुण माझेच होते."

ती स्वतः शिडी लावून वर चढली आणि टी-शर्ट घेऊन आली. मी लगेच मधले कागद उचलायला लागले, तर तिने हात धरला.

"मध्ये नको हं. त्याचं देवघर नको करूस. बाकीच्यांमध्येच बसव. आणि फाटलेलं शिवू नकोस, मागून कापड लाव."

एक अख्खा आयत पुन्हा उसवावा तसा उलगडला. दोन पट्ट्या काढल्या, कॉलेजचा हिरवा आडवा होता तो उभा केला, आणि त्याच्या शेजारी फाटका बरोबर मापात बसला. आम्ही दोघी जमिनीवर गुडघे टेकून बघत होतो. तिचा गुडघा आता टेकतो, हेही मी तेव्हाच पाहिलं.

शिवताना कुठेही सुई अडली नाही. लांब शिलाया सरळ आल्या, चारी कडा जुळल्या. एका रविवारी तिच्या शाळेच्या संघातल्या मुली घरी आल्या. गोधडी पसरून सगळ्या तिच्याभोवती बसल्या. माझ्या लेकीने प्रत्येक टी-शर्टची गोष्ट सांगितली, फाटक्याचीही, न थांबता. मग एका मुलीने विचारलं, "ताई, हे डिझाइन कोणी केलं? झकास आहे."

"आईने. कम्प्युटर नाही, काही नाही."

एरवी कोणी विचारलं तर मी 'घरीच असते, शिवते थोडंफार' एवढंच सांगते. त्या दिवशी मात्र मी ओढणी सारखी केली, मुलींच्या मध्ये जाऊन बसले आणि म्हटलं, "सांगते. आधी एक वर्तमानपत्र आणा."