एक ‘म्हणाल्या’

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, संपादकांना नाही. कॉलेजातली पोरं दरवर्षी मला पत्रकारितेवर बोलायला बोलावतात, त्यांना तर नाहीच. त्यांच्यापुढे मी छाती काढून सांगतो — जीव गेला तरी सूत्राचं नाव सांगायचं नाही. टाळ्या पडतात. त्या टाळ्यांची मला आता चीड येते, आणि त्याहून जास्त माझी.

बातमी तुम्ही वाचली असेल. एका मंत्र्याने पिंपळगाव बसवंतच्या बाजूला सरकारी अनुदानातून तीन कोल्ड स्टोरेज उभी केली होती — कागदावर. मी जागेवर गेलो, तर बाभळी आणि त्यांच्याखाली शेळ्या. लाभार्थी कोण? मंत्र्याचा मेहुणा. फाइलवर मंत्र्याच्या हातचा शेरा — ‘तातडीने मंजूर करावे’. या माणसाने लोकांच्या तोंडावर हसत चोरी केली, हे मी आजही म्हणतो. बातमी खरी होती. एक वाक्य सोडून.

कागद मला दिले कुणी? इथे अजूनही माझं पेन अडतं. ते दिले मंत्र्याच्याच पक्षातल्या दुसऱ्या पुढाऱ्याने, ज्याला ती खुर्ची हवी होती. गंगापूर रोडवरच्या हॉटेलात त्याच्या माणसाने मिसळ खाता खाता पाकीट माझ्याकडे सरकवलं. आता हे छापायचं कसं? लोक म्हणाले असते, एका चोराने दुसऱ्याची चहाडी केली आणि हा पत्रकार नुसता हमाल. मला हमाल व्हायचं नव्हतं. म्हणून मी एक माणूस बनवला — खात्याच्या नाशिक कार्यालयातला, मनाला टोचणी लागलेला कर्मचारी. तेवढ्यावर थांबायला काय झालं होतं? पण कारकुनाच्या टोचणीने कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं? मी लिहिलं — ‘फाइल पुढे पाठवताना माझा हात थरथरत होता, असे त्या म्हणाल्या.’

म्हणाल्या. ‘सांगितले’ लिहिलं असतं तर बाई की पुरुष, कुणाला कळलं असतं? वीस वर्षं मराठीत बातम्या लिहिणाऱ्या माणसाला हे कळत नव्हतं का? कळत होतं. ‘म्हणाल्या’ वाचायला बरं वाटत होतं, एवढंच.

नाशिक कार्यालयात या फाइली हाताळणाऱ्या शाखेत बाई एकच होत्या. भोये बाई, मूळच्या कळवणकडच्या, घराण्यात नोकरीला लागलेल्या पहिल्या. बातमी छापून आली त्याच आठवड्यात त्यांना निलंबित केलं. गोपनीय कागद बाहेर दिल्याचा ठपका.

त्या मला शोधत आमच्या ऑफिसात आल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या — या वेळी खरंच म्हणाल्या — “दादा, मी तुम्हाला आज पहिल्यांदा बघते. एवढंच लिहून द्या ना. घरी नवरा विचारतो, कोण हाय तो, कुठं भेटायची त्याला? काय सांगू मी? दुसरं काय नाय पाहिजे मला.”

एक ओळ. ‘या बाईंना मी ओळखत नाही.’ त्यात पुढाऱ्याचं नावही फुटत नव्हतं. पण मग ती हात थरथरणारी बाई कोण, हे कुणीतरी विचारलं असतं. मी काय केलं? खुर्चीत मागे रेललो आणि म्हणालो, “ताई, पत्रकार सूत्राबद्दल बोलत नसतो. हो पण नाही, नाही पण नाही.”

चौकशीतही हेच ऐकवलं. पेपरांनी मला डोक्यावर घेतलं. संपादक म्हणाले, सुक्याबरोबर ओलंही जळतं, मनाला लावून घेऊ नकोस. त्यांना काय माहीत, ओलं कुणी टाकलं होतं? मला शाल आणि श्रीफळ मिळालं. पुढाऱ्याला खुर्ची मिळाली. मंत्री काही महिने घरी बसला आणि आधीपेक्षा मोठं खातं घेऊन परतला. भोये बाई तेवढ्या बडतर्फ झाल्या.

गेल्या हंगामात द्राक्षांच्या निर्यातीवर लिहायला पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमध्ये गेलो होतो. टेबलांच्या रांगेत, डोक्याला टोपी, हातात कात्री घेऊन बायका घडातले बारके मणी छाटत होत्या. तिसऱ्या टेबलावर त्या. त्यांनी मान वर केली आणि पाहतच राहिल्या. सुपरवायझरने सहज विचारलं, “मावशी, साहेबांना ओळखता काय?”

“नाय,” त्या म्हणाल्या. “मी यांना कधी भेटले नाय.” आणि पुढचा घड उचलला.

हात जराही थरथरत नव्हता. मी मात्र तिथे वही उघडून, खरंच काहीतरी लिहीत असल्यासारखा उभा राहिलो. तेव्हाही बोललो नाही. तोंड उघडायला कुणी अडवलं होतं? कुणीही नाही.

आज लिहितो. त्यांना आता याचा काडीचा उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे. भोये बाई मला काहीही म्हणाल्या नव्हत्या. ते वाक्य माझं होतं.