साहेबांनी कधी चेष्टा केली नाही

नगरहून दिल्लीला बदली झाली आणि माझा जीव कासावीस झाला. नगरच्या कचेरीत कुणाचाही निरोप समारंभ असो, भाषण माझंच. इथल्या कचेरीत माईक मिश्राजींच्या हातात आणि मी मागच्या खुर्चीवर सामोसा खात बसलेली. गाझियाबादच्या घरून येताना गाडीत रोज प्रार्थना करायची, प्रभू, वाणी तू दिलीस, तिचा गर्व होऊ देऊ नकोस. आणि लगेच मनात यायचं, पण ती कुणाला ऐकू तरी दे.

आमचे सक्सेनासाहेब निवृत्त होणार होते. अगदी देवमाणूस. हाताखालच्यांना कधी टाकून बोलले नाहीत, माझ्या हिंदीलाही कधी हसले नाहीत. त्यांच्या निरोपाच्या दिवशी नेमका मिश्राजींचा घसा बसला आणि माझं नाव पुढं आलं. मी मनातल्या मनात प्रभूचे आभार मानले. मिश्राजी बसक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, एक बार मुझे सुना दीजिए." मी म्हटलं, "ज़रूरत क्या है? हिंदी तो अपनीही है." लिपी एक, मग भाषा ती काय वेगळी असणार?

साहेबांच्या घरची सगळी मंडळी आली होती, नातवंडंसुद्धा. मी रंगात आले. साहेब कधी कुणाची टिंगल करत नाहीत, हे मला सांगायचं होतं. म्हटलं, "साहब ने इतने सालों में कभी ग़ुस्सा नहीं किया, कभी चेष्टा नहीं की."

कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांच्या पत्नीचा चेहरा उतरला. मिश्राजी लगबगीनं येऊन कानात पुटपुटले, "मॅडम, चेष्टा मतलब कोशिश." म्हणजे साहेबांनी जन्मात कधी प्रयत्नच केला नाही, असं मी त्यांच्या बायकामुलांसमोर सांगून बसले होते. एका भल्या माणसाचा शेवटचा दिवस माझ्या जिभेनं मातीत घातला होता. प्रभू, सांभाळ, एवढंच आतून आलं. त्या प्रार्थनेत वाणीचा विषयच नव्हता.

तेवढ्यात साहेब उठले आणि त्यांनी हसत हसत माईक घेतला. "बिटिया ने बिल्कुल ठीक कहा. मैंने कहाँ कोई चेष्टा की? ऊपरवाला करवाता गया, नाम मेरा होता गया." टाळ्या थांबेचनात. त्यांच्या पत्नी डोळे पुसत हसत होत्या. मी गाडीत रोज घोकत होते आणि मला जमत नव्हतं, ते साहेब सहज बोलून गेले होते. मलाही रडू आलं, पण फार हलकं वाटलं.

आता मिश्राजी आणि मी आळीपाळीनं बोलतो. माझं भाषण आधी त्यांना ऐकवते आणि ते दर वेळी काहीतरी चूक काढतातच. बोलायला मला अजूनही मनापासून आवडतं. प्रभूनंच दिलंय, लपवून काय करू? फक्त त्या दिवशी त्यानं जी चेष्टा केली ती मराठीतली होती की हिंदीतली, हे काही मला अजून ठरवता आलेलं नाही. मी आपली दोन्हींसाठी त्याचे आभार मानते.